गणिताचा पेपर जर्नलला पाठवताना

प्रमेय सिद्ध झालंय, गाइड म्हणाले "आता लिहून काढा", आणि पुढे नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही. अशा अवस्थेतल्यांसाठी हे लिहिते आहे. मी एका कॉलेजात गणित शिकवते, विषय ग्राफ थिअरी, म्हणजे शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यांचं गणित. पीएचडीची मुलं-मुली हाताखाली असतात, आणि जर्नलांकडून रेफरी म्हणून तपासायला पेपरही येतात. त्यामुळे पेपर लिहिणाऱ्याची घाई आणि तो वाचणाऱ्याचा कंटाळा, दोन्ही ओळखीचे आहेत.

एडिटर तुमचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, हा समज आधी काढून टाका. तो शीर्षक बघतो, अ‍ॅबस्ट्रॅक्ट बघतो, इंट्रोडक्शन वाचतो आणि मग थेट शेवटी जाऊन रेफरन्सेस चाळतो. पेपर रेफरीकडे जाणार की आल्या पावली परत येणार, हे बहुधा तेवढ्यावर ठरतं. आणि आपली मुलं काय करतात? सिद्धतेवर दोन वर्षं घालवतात आणि इंट्रोडक्शन एका संध्याकाळी उरकतात. वेळेची ही वाटणी बदला, हेच मुख्य सांगणं आहे.

निकाल नवा आहे ना?

लिहायला बसण्याआधी हे तपासा. गणिताच्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसांपैकी झेडबीमॅथ ओपन २०२१ पासून सगळ्यांना फुकट आहे, मॅथसायनेट तुमच्या विद्यापीठाने घेतलं असेल तर उत्तमच. नुसते की-वर्ड टाकून थांबू नका. तुमच्या विषयातला जो मूळ पेपर आहे तो उघडा आणि त्याला पुढे कोणी कोणी उद्धृत केलं आहे ती यादी काढून एकेक बघा. तुमचा निकाल आधी कोणी केला असेल तर तो बहुधा त्या यादीत सापडतो, कदाचित वेगळ्या नावाने. आर्काइव्हवरही (arXiv, जिथे पेपर छापून येण्याआधीच टाकले जातात) शोधा, कारण तिथला पेपर छापून यायला अजून वर्ष-दोन वर्षं असू शकतात.

ग्राफ लेबलिंगवाल्यांना, म्हणजे ग्राफच्या शिरोबिंदूंना किंवा कडांना ठरावीक नियमाने आकडे देणाऱ्यांना, जरा स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडे या विषयात लिहिणारे पुष्कळ आहेत. इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्समध्ये लेबलिंगचा एक मोठा सर्व्हे आहे. १९९८ साली तो पहिल्यांदा आला आणि तेव्हापासून वेळोवेळी वाढवला जातो. तुमचा ग्राफ त्यात आहे का, हे न बघता पेपर पाठवणं म्हणजे रेफरीला आयतं कारण पुरवणं. दुसरं असं, की "अमुक ग्राफला तमुक लेबलिंग आहे" एवढाच निकाल असेल आणि सिद्धता म्हणजे नुसता लेबलांचा तक्ता असेल, तर बरी जर्नलं तो घेत नाहीत. तक्ता चुकलेला नसतो. पण त्या ग्राफबद्दल कोणाला काही विचारायचंच नव्हतं, ही अडचण असते. एखाद्या पद्धतीने अख्खा वर्ग निकालात निघत असेल, किंवा एखादं लेबलिंग का शक्य नाही हे सिद्ध होत असेल, तर मात्र लोक थांबून वाचतात.

आणि तुमच्याकडे आठ पानांत एखाद्या प्रसिद्ध अटकळीची सिद्धता असेल, तर ती महिनाभर कपाटात ठेवा. नंतर काढा आणि चूक शोधायच्याच इराद्याने वाचा.

पहिली दोन पानं

एक ओळखीचं उदाहरण घेते. अलेक्झांडर रोझा यांनी १९६७ साली आजच्या भाषेत ज्याला ग्रेसफुल लेबलिंग म्हणतात ते मांडलं. ग्राफला एम कडा असतील तर शिरोबिंदूंना ० ते एम यांतले वेगवेगळे आकडे द्यायचे, प्रत्येक कडेवर तिच्या दोन टोकांच्या आकड्यांमधला फरक लिहायचा, आणि हे फरक १ ते एम असे सगळे एकेकदा यायला हवेत. त्रिकोणाला ०, १, ३ द्या. कडांवर १, २, ३ येतात. पंचकोनाला काहीही करा, जमत नाही. निकाल असा, की एन शिरोबिंदूंचं चक्र (एन बाजूंची बंद आकृती) ग्रेसफुल असतं ते एनला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ उरते तेव्हाच.

आता समजा हा निकाल आज तुम्हाला मिळाला. बहुतेक जण अ‍ॅबस्ट्रॅक्ट असं लिहितात: "या पेपरमध्ये आम्ही चक्रांच्या ग्रेसफुल लेबलिंगचा अभ्यास केला असून काही महत्त्वाचे निकाल मिळवले आहेत." (लिहायचं इंग्रजीतच, मी आशय मराठीत देते आहे.) या वाक्यातून वाचणाऱ्याला काय कळलं? विषय कळला, निकाल नाही. आता हे बघा: "एन शिरोबिंदूंचं चक्र ग्रेसफुल असतं, जर आणि तरच एनला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ उरते, हे आम्ही सिद्ध करतो." एका वाक्यात काम झालं. असेल तर पुढे आणखी एक वाक्य, पद्धत काय वापरली त्याचं. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये रेफरन्सचे क्रमांक घालू नका, कारण ते एकटंच डेटाबेसमध्ये जातं आणि तिथे "[७] मधील निकाल" वाचून कोणाला काही कळत नाही. "महत्त्वाचे", "रोचक", "नावीन्यपूर्ण" ही विशेषणंही काढून टाका. ते रेफरीला ठरवू द्या.

इंट्रोडक्शनची सुरुवात बहुतेक वेळा "ग्राफ थिअरी ही गणिताची एक महत्त्वाची शाखा असून तिचे रसायनशास्त्र, संगणकशास्त्र व समाजशास्त्रात अनेक उपयोग आहेत" अशी होते. मी रेफरी असताना हे वाक्य वाचलं की पुढचं अर्धं पान सोडून देते. ज्याच्या हातात पेपर आहे तो याच विषयात काम करणारा माणूस आहे, त्याला ग्राफचे उपयोग सांगायची गरज नाही. पहिल्या परिच्छेदात तुमचा प्रश्न येऊ द्या. दुसऱ्यात त्याबद्दल आधी काय माहीत होतं ते, नावानिशी आणि सालानिशी. मग मुख्य प्रमेय, पूर्ण विधानासह, शक्यतो पहिल्या पानावर. त्यासाठी एखादी व्याख्या आधी आणावी लागली तर आणा. पण चार पानं व्याख्या आणि मग सातव्या पानावर प्रमेय, असं करू नका.

प्रमेयानंतर जो परिच्छेद येतो तो सगळ्यात अवघड, आणि तोच बहुतेक जण गाळतात. आधीच्या लोकांना हे का जमलं नव्हतं आणि तुम्ही वेगळं काय केलंत? "अमुक यांची पद्धत सम चक्रांपाशी अडते, कारण..." अशा धर्तीचं वाक्य तुम्हाला लिहिता येत नसेल तर आपलंच काम आपल्याला अजून नीट कळलेलं नाही, असं समजा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा परिच्छेद आधी तोंडी सांगायला लावते, फळ्याजवळ उभं करून, खडू न देता. ज्याला सांगता येतो त्याला लिहिताही येतो.

स्पष्टपणा ही दुय्यम बाब आहे, खरा गणिती त्याच्याकडे बघत नाही, असं कोणी सांगितलं तर रामानुजन यांची गोष्ट सांगा. बर्नुली संख्यांवरचा त्यांचा पहिला पेपर १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. ही सोसायटी १९०७ची, आणि तिचं ग्रंथालय बरीच वर्षं पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं. संपादक होते बंगळुरूचे नारायण अय्यंगार. त्यांनी हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवून सुधारून घेतलं, कारण मांडणी वाचणाऱ्याला पेलणारी नव्हती. रामानुजन यांना जे चुकलं नाही ते आपल्याला चुकेल, असं मानायचं कारण नाही.

"उघड आहे की"

सिद्धतेबद्दल फार लिहीत नाही, ती तुमची तुम्हाला माहीत. फक्त "उघड आहे", "सहज दिसते", "हे स्पष्टच आहे" हे शब्द फाइलमध्ये शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबा. रेफरीही तिथेच थांबतो. वरच्याच उदाहरणात समजा तुम्ही लिहिलंत: "चक्रातल्या सर्व कडांच्या लेबलांची बेरीज सम असते, हे उघड आहे." का? आता कारण घालून बघा: "दोन संख्यांची बेरीज आणि त्यांच्यातला फरक एकतर दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात. चक्रात प्रत्येक शिरोबिंदू बरोबर दोन कडांवर असतो. म्हणून कडांच्या लेबलांची बेरीज सम-विषमतेच्या दृष्टीने शिरोबिंदूंच्या लेबलांच्या बेरजेच्या दुपटीइतकीच, म्हणजे सम." तीन छोटी वाक्यं. यापुढे १ ते एन यांची बेरीज सम हवी, आणि ती एनला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ असेल तेव्हाच सम असते. अर्धं प्रमेय इथेच संपलं. रेफरीची दहा मिनिटं वाचली आणि तुमच्याबद्दल त्याचं मत बरं झालं.

गंमत अशी, की सिद्धतेतली खरी चूक बहुधा "उघड आहे"च्या मागेच दडलेली असते. कारण लिहायला गेलं की ती सापडते.

टाइपसेटिंगचं थोडक्यात. वर्डमध्ये लिहिलेला गणिताचा पेपर एडिटरच्या मनात पहिल्या नजरेतच शंका निर्माण करतो. न्याय्य असो वा नसो, हे असंच आहे. लेटेक (LaTeX, गणित टाइपसेट करायची प्रणाली) शिका, ओव्हरलीफ या साइटवर फुकटात काम भागतं. एएमएसचा (अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा) साधा आर्टिकल क्लास, म्हणजे तयार साचा, वापरा. बहुतेक जर्नलं पहिल्या वेळी कुठल्याही नीटनेटक्या मांडणीची पीडीएफ घेतात, त्यांचा स्वतःचा साचा पेपर स्वीकारल्यावर लागतो. तरी त्या जर्नलच्या सूचना एकदा वाचून घ्या. प्रमेयांचे आणि समीकरणांचे क्रमांक हाताने घालू नका, लेबल देऊन आपोआप येऊ द्या. पाठवण्याआधी पीडीएफमध्ये दोन प्रश्नचिन्हं जोडून कुठे आली आहेत का ते शोधा. तिथे संदर्भ तुटलेला आहे. रेफरन्सेससाठी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं एमआर लुकअप वापरा, ते फुकट आहे आणि लेटेकमध्ये थेट वापरता येणारी तयार बिबटेक नोंद देतं. एआयकडून रेफरन्सेस बनवून घेऊ नका. अस्तित्वात नसलेले पेपर अगदी ऐटीत यादीत येऊन बसतात, आणि ज्याच्या नावावर ते खपवलेत तोच रेफरी निघाला तर बघायलाच नको. इंग्रजी सुधारायला एआय वापरलं असेल तर जर्नलचा नियम पाहून तसं नमूद करा. एआयला लेखक म्हणून दाखवता येत नाही.

नावं आणि त्यांचा क्रम

गणितात लेखकांची नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने येतात. आपटे आधी, वाघ शेवटी, काम कोणीही किती का केलं असेना. रसायनवाल्या किंवा बायोवाल्या सहकाऱ्यांना हे पटत नाही, आणि मुख्य म्हणजे प्रमोशनच्या तक्त्यालाही पटत नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण आहेत. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा करस्पॉन्डिंग लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणून तिघांचा पेपर असेल तर क्रम वर्णानुक्रमानेच ठेवा, तो मोडू नका. करस्पॉन्डिंग लेखक मात्र ज्याला गुणांची गरज आहे त्याला करा. बहुधा तो विद्यार्थी असतो. ज्या गाइडने नुसतं "छान" म्हटलं त्यांचं नाव घालायचं का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं मत, नाही. आभारात घाला. पण तुमचं पोट त्यांच्या सहीवर अवलंबून आहे हेही मला कळतं.

स्वतःचं नाव कसं लिहायचं ते पहिल्या पेपरलाच ठरवा. वडिलांच्या नावाचं अक्षर मध्ये ठेवणार का, आडनावाचं स्पेलिंग काय, लग्नानंतर आडनाव बदलणार का. मुलींना मी सांगते, गॅझेटमध्ये काय करायचं ते करा, पेपरवर एकच नाव ठेवा. ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. जोशी, पाटील, कुलकर्णी या मंडळींना तर तो हवाच. डेटाबेसमध्ये दोन पाटलांचे पेपर एका खात्यात गेले की वेगळे करून घेताना नाकी नऊ येतात.

कुठे पाठवायचा?

उत्तर तुमच्या रेफरन्सेसमध्येच आहे. तुम्ही ज्या पेपरांवर उभे आहात ते कुठे छापून आले? त्यातलं जे जर्नल दोन-तीनदा दिसतं, तिथल्या संपादक मंडळावर तुमच्या विषयाचं कोणी आहे का बघा आणि गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा. तुमच्यासारखा पेपर त्यात शोभेल का? आपल्या निकालाची उंची आपल्याला कळत नाही, तेव्हा ती आपला पेपर वाचलेल्या तिऱ्हाइताला विचारा.

काही ठिकाणं सांगते. प्रोसीडिंग्ज ऑफ द अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी छोटे पेपर घेतं, १५ छापील पानांच्या आतले. पण छोटा म्हणजे किरकोळ नव्हे, तिथे दर्जा कडक आहे. इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्स १९९४ पासून चालू आहे, लेखकाकडूनही पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही. पूर्णांकांच्या मालिकांवरचं काम असेल तर जर्नल ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस आहे, तेही फुकट. आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं प्रोसीडिंग्ज मॅथेमॅटिकल सायन्सेस, इन्साचं (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमीचं) इंडियन जर्नल ऑफ प्युअर अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स, रामानुजन मॅथेमॅटिकल सोसायटीचं जर्नल ही नीट चालणारी नावं आहेत. पहिला पेपर परदेशीच हवा, हा हट्ट मला समजत नाही.

यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे आता जर्नलची पारख कॉलेजने आणि तुम्ही स्वतः करायची. खोटी जर्नलं ओळखायला फार अक्कल लागत नाही: "आदरणीय प्राध्यापक महोदय, आपला बहुमूल्य लेख पाठवा" अशी मेल, आठवड्यात छापून देण्याची हमी, एकाच अंकात गणित, मॅनेजमेंट आणि फार्मसी, आणि स्वीकृतीच्या पत्रातच बँक खात्याचा क्रमांक. ते जर्नल झेडबीमॅथमध्ये किंवा मॅथसायनेटमध्ये घेतलं जातं का, ते पाहा. दोन्हीकडे नसेल तर सोडून द्या. गणितात आठवड्यात कोणी सिद्धता तपासत नसतं. माझ्या ओळखीतल्या एकाने घाईत अशा ठिकाणी पैसे भरून पेपर छापला. निकाल चांगला होता, पण आता तो दुसरीकडे कुठे पाठवता येत नाही आणि तिथे कोणी वाचतही नाही.

नामवंत प्रकाशकांकडे स्वीकृतीनंतर एक पान येतं, त्यावर ओपन अ‍ॅक्सेसची रक्कम बघून मुलं घाबरून मला फोन करतात. जर्नल हायब्रीड (वर्गणी आणि ओपन अ‍ॅक्सेस दोन्ही चालणारं) असेल तर वर्गणीवाला पर्याय निवडा. एक पैसाही भरावा लागत नाही.

आर्काइव्ह आणि सबमिशनचं बटण

जर्नलला पाठवण्याच्या आधी किंवा बरोबरीने पेपर आर्काइव्हवर टाका. गणितात ही रीतच आहे, बहुतेक जर्नलांची त्याला हरकत नसते आणि तुमच्या निकालावर तारीख पडते. पहिल्यांदा टाकणाऱ्याला त्या विषयात आधी लिहिलेल्या कोणाचं तरी अनुमोदन लागू शकतं. गाइड नाहीतर ज्यांचा पेपर तुम्ही नीट वाचला आहे अशांना विनंती करा. लायसन्स निवडताना आर्काइव्हचं स्वतःचं साधं लायसन्स घ्या, त्याने पुढे जर्नलशी भांडण होत नाही. आणि एक महत्त्वाचं. आर्काइव्हला पीडीएफ नव्हे, लेटेकचा सोर्स द्यावा लागतो, आणि तो कोणालाही उतरवून घेता येतो. टक्क्याच्या चिन्हापुढे तुम्ही लिहिलेलं "सरांना हे समजलेलं नाही, नंतर बघू" छापील पेपरात दिसत नाही, पण सोर्समध्ये जसंच्या तसं राहतं. त्या ओळी साफ करून मगच टाका. एकदा जाहीर झालेला पेपर तिथून पुसता येत नाही. मागे घेतला तरी जुनी आवृत्ती दिसतच राहते.

सबमिशनच्या पोर्टलवर शीर्षक, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, की-वर्ड्स आणि एमएससी २०२० या गणिताच्या विषयांच्या वर्गीकरणातला पाच अक्षरी कोड लागतो. ग्राफ लेबलिंगचा कोड ०५सी७८, रंगवण्याचा ०५सी१५. हा कोड अंदाजे टाकू नका, त्यावरून एडिटर ठरतो आणि कधी रेफरीही. एडिटर निवडायला सांगितलं तर विषयाला जवळचा निवडा, प्रसिद्ध नको. रेफरी सुचवायला सांगितले तर ज्यांचं काम तुम्ही वापरलंय ते सुचवा. गाइड, सहलेखक, त्याच विभागातले लोक सोडून.

कव्हर लेटर चार ओळींचं पुरे. "सोबत अमुक शीर्षकाचा पेपर पाठवत आहे. यात आम्ही अमुक सिद्ध केलं आहे, ज्यामुळे तमुक यांनी अमुक साली विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पेपर इतरत्र छापलेला नाही आणि दुसऱ्या कुठल्याही जर्नलकडे विचाराधीन नाही." संपलं. स्वतःचं शिक्षण, पदकं, गाइडचा दबदबा यातलं काही नको. आणि शेवटचं वाक्य खरं असू द्या. एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवणं हा गुन्हाच समजला जातो, आणि विषय इतका लहान असतो की दोन्हीकडून तो पेपर एकाच रेफरीकडे पोचू शकतो.

वाट, रिपोर्ट आणि पुन्हा वाट

आता थांबा. रेफरीला सिद्धता ओळीने तपासायची असते, तो हे काम पगाराशिवाय, आपल्या कामातून वेळ काढून करतो. सहा महिने ही सर्वसाधारण गोष्ट आहे, वर्षही लागतं. रोज पोर्टल उघडून "अंडर रिव्ह्यू" बघत बसण्यात अर्थ नाही. सहा-आठ महिने झाले की एडिटरला दोन ओळींची मेल टाका: पेपरचा क्रमांक, पाठवल्याची तारीख, "काही बातमी असल्यास कळवावी". तक्रारीचा सूर नको, थिसिसची डेडलाइन सांगून दबाव नको. २०२२च्या नियमांपासून पीएचडी देताना पेपर छापून आलेला असण्याची यूजीसीची सक्ती राहिलेली नाही, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. ती नोंदणीच्या वेळीच वाचून ठेवा आणि पहिला पेपर त्या हिशेबाने लवकर पाठवा.

दोन-चार दिवसांत परत आला तर तो एडिटरच्या टेबलावरूनच आलाय. "आमच्या जर्नलला योग्य नाही" एवढंच लिहिलेलं असतं. त्यात वाद घालू नका, पुढच्या जर्नलला पाठवा. रिपोर्टसह नाकारला असेल तर मात्र रिपोर्टमधल्या सुधारणा करून मगच पाठवा. वर सांगितलं तसं, दुसरीकडेही तोच रेफरी भेटू शकतो, आणि आपण दाखवलेली चूक तशीच बघून त्याला काय वाटेल ते सांगायला नको.

रिव्हिजन मागितली तर ती बातमी चांगली आहे, "मेजर" लिहिलं असलं तरी. रिपोर्ट वाचून पहिल्या दिवशी चीड येते. ती येऊ द्या, उत्तर तिसऱ्या दिवशी लिहा. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा आणि त्याखाली काय केलं ते लिहा. रेफरी म्हणतो, "लेमा ३ची सिद्धता चार शिरोबिंदूंच्या चक्राला लागू पडत नाही." त्याला "दुरुस्त केले, धन्यवाद" हे उत्तर नव्हे. उत्तर असं: "बरोबर आहे. सिद्धतेत एन किमान ५ असल्याचं गृहीत धरलं होतं. आता लेमाच्या विधानात ती अट घातली आहे (पान ६), आणि चार शिरोबिंदूंचं चक्र वेगळं तपासलं आहे (पान ७, शेवटचा परिच्छेद)." रेफरीला पान शोधायला लावू नका.

रेफरीचं चुकत असेल तर? चुकतंही. तेव्हा नम्रपणे, पण न वाकता लिहा: "या ठिकाणी आमचं म्हणणं नीट पोचलेलं नाही असं दिसतं, म्हणून परिच्छेद पुन्हा लिहिला आहे." रेफरीसारखा माणूस जिथे घसरला तिथे पुढचे वाचकही घसरणार, त्यामुळे तो परिच्छेद खरोखरच पुन्हा लिहायला हवा असतो. रेफरीने स्वतःचे पाच पेपर उद्धृत करायला सांगितले, तर जे संबंधित असतील ते घ्या, बाकीच्यांबद्दल एडिटरला कळवा.

प्रूफं

स्वीकृती आली, पेढे वाटले, आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, प्रूफांची मेल येते: दोन दिवसांत तपासून द्या. हा टप्पा लोक झोपेत पार करतात. टाइपसेटरला गणित येत नसतं, तो चिन्हं बदलतो. "पेक्षा कमी किंवा समान"चं नुसतं "पेक्षा कमी" झालं की प्रमेय खोटं ठरतं. एकाने मोठ्याने आपली फाइल वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवायचं, असं दोघांनी मिळून तपासा. सूत्रं, नावांची स्पेलिंगं, कॉलेजचा पत्ता आणि रेफरन्सेस आधी बघा, बाजूला विचारलेल्या प्रत्येक शंकेला उत्तर द्या. या टप्प्यावर सिद्धता नव्याने लिहायला बसू नका, तसं करू दिलं जात नाही.

छापून आल्यावर आर्काइव्हच्या नोंदीत जर्नलचं नाव, खंड आणि डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) भरा, आणि लायसन्स परवानगी देत असेल तर दुरुस्त आवृत्तीही टाका. सहा महिन्यांनी झेडबीमॅथवर आपलं नाव शोधा. पेपर भलत्याच पाटलांच्या खात्यात गेला असेल तर झेडबीमॅथला लिहा, दुरुस्त करून देतात.